किती एमएमचं गाव?

लेन्स घ्यायची म्हटली की पुण्या-मुंबईचे जाणकार आधी विचारतात, ‘फोटो कशाचे काढणार?’ वरणगावात हा प्रश्न कामाचा नाही. इथे बघायचं ते एवढंच, की समोरचा किती लांब राहील. माणूस असेल तर तो राहतच नाही. कॅमेरा डोळ्याला लावून आपण एक पाऊल मागे सरकलो की तो दोन पावलं पुढे येतो आणि म्हणतो, ‘भाऊ, पेपरात येईन ना?’

पाखरांचं नेमकं उलटं. जवळच तापीवर 41 दरवाजांचं हतनूर धरण आहे. हिवाळ्यात त्याच्या जलाशयावर चक्रवाक येतात, आणि बसतात ते अगदी मधोमध. कॅमेऱ्यासोबत आलेली 18-55 लावली तर चक्रवाक आणि सेन्सरवरचा धुळीचा कण यांत फरक करता येत नाही. तिथे 400 एमएम तरी हवी, 600 असली तर उत्तम. 150-600ची झूम दोन किलोच्या आसपास भरते आणि किमतीने लाखाच्या घरात जाते. ती खांद्याला लावून बसस्टँडवरून निघालं, की टपरीवरून हाक येतेच, ‘तोफ कुठी घेऊन चालला रे?’ ज्या गावात 1964 सालापासून आयुध निर्माणी आहे आणि बंदुकीची काडतुसं तयार होतात, तिथे हा प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारू नये. निर्माणीचे फोटो काढायला अर्थातच मनाई. गावातल्या सगळ्यात मोठ्या विषयाच्या लेन्सचा खर्च सरकारनेच असा वाचवला आहे.

एप्रिल-मेमध्ये मात्र टेलीलेन्स कपाटातच बरी. पारा 45च्या पुढे गेला की जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचं सगळं वितळल्यासारखं दिसतं. त्यावर महागडी लेन्स चालत नाही, पहाटे उठावं लागतं. म्हणजे पुन्हा खर्च नाही, नुसता त्रास.

खरी परीक्षा लग्नात. 50 एमएम, एफ-1.8 ही गरिबाची लाडकी लेन्स: स्वस्त, हलकी, आणि मागचं सगळं असं विरघळवते की मांडवातल्या रिकाम्या खुर्च्यासुद्धा स्वप्नातल्या वाटाव्यात. छोट्या सेन्सरच्या बॉडीवर ती 75च्या आसपासची होते. चेहऱ्याला फारच छान, पण नवरीच्या खोलीत मागे सरकता सरकता पाठ गोदरेजच्या कपाटाला टेकते आणि फ्रेममध्ये नवरीची फक्त नथ उरते. शिवाय विरघळवायचं कुणाला, हे लेन्सला कळत नाही. एका लग्नात छायाचित्रकाराने ग्रुप फोटोही 1.8वरच काढला. पुढच्या रांगेत वरपक्ष लख्ख, मागच्या रांगेत मुलीचे मामा, माम्या, त्यांची मुलं, सगळी धुक्यात. अल्बम आला तसं मामांनी बोलणं सोडलं. दोन रांगा असल्या की एफ-8 लावावं, त्यावर नाती टिकतात.

सगळे मावावेत म्हणून 10-18सारखी वाइड लेन्स आणावी, तर कडेचा माणूस आडवा ताणला जातो. एरवी फोटोत मधे घुसण्यासाठी चालणारी ढकलाढकल या लेन्सपुढे दुप्पट होते, कारण कडेला कुणालाच जायचं नसतं. काडीपैलवान जावयाला तेवढं मुद्दाम कडेला उभं करावं. सासरी आल्यावर अंगाने भरला, असं फोटोच सांगतो.

माझं मत विचाराल तर 18-55, 50 आणि एखादी 55-250 एवढ्यावर वरणगावात जन्म निघतो. पाखरांची तोफ मित्राकडून मागून आणावी. मित्र नसेल तर आधी तो करावा, लेन्सपेक्षा स्वस्त पडतो.

राहिली मॅक्रो. फुलावरची माशी तिच्या डोळ्यांसकट टिपणारी ही लेन्स म्हणजे घरच्यांच्या मते शुद्ध चैन होती, आणि काकांच्या मते तर माशा मारायचाच प्रकार. मग केळीच्या पानांवर करपा आला. मी मागून आणलेल्या 100 एमएम मॅक्रोने डागांचे फोटो काढले. पिवळी कड, मधला करडा ठिपका, सगळं स्पष्ट. काकांनी ते मोबाइलवर घेऊन कृषी केंद्रात दाखवले. तेव्हापासून ते रोज सकाळी हातात एक पान घेऊन दारात हजर असतात. कालच त्यांनी वडिलांसमोर वही उघडली आणि ठिबकच्या नळ्यांखाली, पोटॅशच्या वर, शेतीखर्चात मॅक्रो लेन्स लिहून टाकली. आता दुकानदाराकडून बिल तेवढं ‘फवारणी साहित्य’ नावाने मिळेल का, याची चौकशी चालू आहे.