चार आण्याची दुर्बीण, बारा आण्याचा आयपीस!

अहो, ऐकलंत का? आठ इंची दुर्बीण घरात येऊन महिना होत नाही, तोच आपल्या आकाशवेड्या मंडळींत नवीन खूळ शिरलंय. दुर्बिणीच्या खोक्यात आयपीस, म्हणजे डोळा लावायच्या भिंगनळ्या, फुकट मिळालेल्या असतात, तरी म्हणे ‘एक चांगला’ हवा. आणि या ‘चांगल्या’ची किंमत विचारून बघा! काही तर अख्ख्या दुर्बिणीहून महाग. चार फुटांची नळी, आत घासूनपुसून चकचकीत केलेला आरसा, खाली लाकडी बैठक, एवढं सगळं एका पारड्यात आणि मुठीत मावणारं काळं नळकांडं दुसऱ्या पारड्यात, तरी भाव खाणार नळकांडंच! कुणी ते ऑफिसच्या पत्त्यावर मागवतं, कुणी घरात अर्धीच किंमत सांगतं. वर सीमाशुल्काची भर पडते, तिची तर वाच्यताही होत नाही.

आणि हा थाटमाट चढतो कुणावर? डॉब्सोनियनवर, म्हणजे लाडाच्या ‘डॉब’वर. ही साध्या बैठकीची दुर्बीण रूढ करणारा जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठातला साधू. खिशात दमडी नाही, म्हणून जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करायचा, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरायचा आणि जुन्या द्विनेत्रीतली भिंगं काढून आयपीस बनवायचा. दुर्बिणींच्या या नादापायी 1967 साली त्याचा मठ सुटला. मग तो फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट चंद्र दाखवू लागला. अशा फकिराच्या बैठकीवर आता किलोभर वजनाची श्रीमंती चढते आहे. काय म्हणावं!

बरं, लोकांना बिघडवलं कुणी, तेही सांगते. नाव घ्यायला मी भीत नाही: अल नागलर. व्हिएन्नाच्या प्लॉसल नावाच्या भिंगवाल्याने 1860 साली चार भिंगांचा जो आयपीस काढला, त्याच्या वंशजांतून पन्नास अंशांच्या चौकटीत आकाश बघून माणसं सुखात होती. हा नागलर अमेरिकेत अपोलोच्या चांद्रयानाच्या सरावयंत्रासाठी भिंगांची रचना करत होता. अंतराळवीरांना खिडकीबाहेरचं विस्तीर्ण दृश्य खरं वाटावं, हे त्याचं काम. तेच वेड घेऊन त्याने 1977 साली टेलीव्ह्यू कंपनी काढली आणि पुढे स्वतःच्याच नावाचा 82 अंशांचा आयपीस बाजारात आणला. डोळा लावला की चौकटीची कडा दिसेनाशीच होते. एवढ्यावरही समाधान नाही. 2007 साली त्याच कंपनीचा ‘इथॉस’ आला, तब्बल 100 अंशांचा! त्यातला 21 मिलिमीटरचा घेतलात तर वजन किलोभर. तो डॉबला लावला की नळीचं तोंड खाली झुकतं, मग हे लोक शेपटाकडे लोहचुंबक चिकटवून तोल सांभाळतात. त्याच घरातल्या 31 मिलिमीटरच्या नागलरला तर परदेशात प्रेमाने ‘हातबाँब’ म्हणतात. आहे की नाही कमाल?

आता नाकं मुरडून झाली, पण मुंबईबाहेर वांगणीच्या अंधारात अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी हे प्रकरण मी जवळून बघितलंय, म्हणून खरं ते बोलते. आपल्या डॉबला मोटार नसते आणि पृथ्वी काही थांबत नाही. खगोलीय विषुववृत्ताजवळचा ग्रह चार मिनिटांत एक अंश सरकतो. 1200 मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला 12 मिलिमीटरचा आयपीस लावला की शंभरपट मोठं दिसतं. साध्या प्लॉसलच्या पन्नास अंशांना या शंभराने भागलं की चौकटीत खरं आकाश जेमतेम अर्धा अंश मावतं, म्हणजे पुरता एक चंद्र. या टोकाहून त्या टोकाला जायला शनीला दोन मिनिटं लागतात. रांगेत दहा पोरं. पहिलीने ‘कुठेय? कुठेय?’ करत डोळा जमवला, दुसऱ्याने नळीला हात लावला, तिसरा येईपर्यंत शनी गायब! पुन्हा शोधा, पुन्हा जागेवर आणा. 82 अंशांत तोच शनी सव्वातीन मिनिटं टिकतो, 100 अंशांत चार मिनिटं. 82 अंशांतल्या त्या ज्यादा सव्वा मिनिटात आणखी दोन पोरं कडं बघून ‘अय्या!’ करून जातात. म्हणजे पैसा मोजायचा तो या सव्वा मिनिटासाठी.

दुसरं कारण कडेचं. आठ इंची डॉब साधारण एफ-सहाचा असतो, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या सहापट. प्रकाशाचा शंकू इतका बसका असतो की स्वस्तातला रुंद आयपीस मध्ये ठीक वागतो, पण कडेला येताच प्रत्येक ताऱ्याचा पक्षी होतो, पंख पसरलेला. महागड्यात सहा-सात भिंगं बसवून हे पक्षी पुन्हा ठिपके करतात. तिसरं कारण चष्म्याचं. प्लॉसल जितका कमी मिलिमीटरचा, तितका डोळा भिंगाला चिकटवावा लागतो. पापण्या भिंगाला घासतात, चष्मेवाल्याची तर बातच सोडा. ज्यांचा नंबर नुसता लघु किंवा दीर्घ दृष्टीचा असेल त्यांनी चष्मा काढून फोकसचं चाक फिरवावं, काम भागतं. पण सिलिंडरचा नंबर असेल तर डोळा वीस मिलिमीटर दूर ठेवूनही दिसेल असाच आयपीस शोधावा. पेंटॅक्सचे एक्सडब्ल्यू आणि टेलीव्ह्यूचे डेलॉस यासाठीच नावाजलेले. सत्तरच्या आसपास अंश, पण चष्म्यासकट सुखाने बघता येतं.

आता खरी चहाटळकी. पहिल्यांदा पैसे खर्च करणारा हटकून काय घेतो माहितेय? चार मिलिमीटरचा! का, तर तीनशेपट दिसणार. मग गच्चीवर मांडामांड करतो. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता सोडत असतं, वर हवा सळसळतेय, आणि तीनशेपटीत गुरू नुसता थरथरतोय. दोष कुणाचा? आयपीसचा! बिचारा. आपल्याकडे बहुतेक रात्री दीडशे-दोनशेपटीपुढे हवा साथ देत नाही. दुसरं टोक म्हणजे तो हातबाँब. काळोख्या माळावर कृत्तिका एका नजरेत मावतात खऱ्या, पण मुंबई-पुण्याच्या दिव्यांखाली तो करडं आकाशच जास्त पसरट करून दाखवतो.

म्हणून ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी ऐका. पहिला महागडा आयपीस मधला घ्यावा. त्याच्या मिलिमीटरला दुर्बिणीच्या एफ-आकड्याने भागलं की उत्तर दोनच्या जवळ यायला हवं. एफ-सहाला म्हणजे 12-13 मिलिमीटर. हे उत्तर म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेची मिलिमीटरमधली जाडी. दोन मिलिमीटरची शलाका दीर्घिकांना आणि तारकागुच्छांना मानवते, आणि मागाहून दोनपट बार्लो (मोठेपणा दुप्पट करणारं जोडभिंग) लावला की तोच आयपीस ग्रहांसाठी दोनशेपट देतो. एकाच्या पैशात दोघांचं काम. अंशांचं म्हणाल तर चष्मा नसेल तर 82, असेल तर 70. शंभराची हाव पहिल्या खेपेला नको.

आणि विकत घेण्याआधी उसना बघा. मुंबईत खगोल मंडळ आहे, पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. या मंडळींबरोबर आकाशदर्शनाला गेलात की कुणाच्या ना कुणाच्या पेटीत तुम्हाला हवा तो आयपीस निघतोच. तो आपल्या दुर्बिणीला लावून बघा, दुसऱ्याच्या नाही, कारण एफ-दहाच्या नळीत गरीब आयपीसही साळसूद वागतो. घेतलात तर जूनच्या आधी सिलिका जेलसह हवाबंद डब्यात टाका, नाहीतर आपल्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते आणि मग ऑफिसच्या पत्त्याचं गुपितही फुटतं.

खर्च वाया गेला असं मात्र म्हणू नका. दुर्बीण बदलली तरी चांगला आयपीस पुढच्या दुर्बिणीलाही बसतो. तेव्हा बारा-तेराचा एक घ्या, एक बार्लो घ्या, आणि निदान वर्षभर दुसऱ्याच्या पेटीत डोकावू नका!