हद्द कायम

डाव्या बाजूची उभी पट्टी फटक्याचा जोर दाखवते, कोपऱ्यातल्या इवल्या पांढऱ्या वर्तुळातील तांबडा ठिपका फिरकी ठरवतो आणि काठीपुढे निघालेली बारीक रेषा चेंडू कोठे जाईल ते सांगते, एवढा खुलासा माझ्या नातीने एका दमात केला. आणि ज्या माणसाने मोजणी खात्यात 34 वर्षे इमानेइतबारे लोकांच्या हद्दी कायम केल्या, त्याला रेषा कशी धरावी हे सातवीतील मुलीने शिकवावे, या कल्पनेने माझ्या मुखावर जे स्मित उमटले, ते पुढील 3 महिन्यांत क्रमाक्रमाने मावळत गेले.

संगणकाच्या पडद्यावर टेबल दिसताच जुन्या सवयीने मी मनातल्या मनात त्याचे क्षेत्र काढले. खऱ्या नऊ फुटी टेबलाची खेळण्याची जागा 100 इंच लांब व 50 इंच रुंद, म्हणजे पावणेपस्तीस चौरस फुटांच्या आत. आणि 33 फुटी साखळीचा चौरस तो गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. तेव्हा एका गुंठ्यात, निदान कागदोपत्री तरी, अशी 31 टेबले बसावीत. ज्याने चाळीस-चाळीस एकरांची शिवारे बांधावरच्या भाऊबंदकीसकट मोजली, त्याला गुंठ्याचा हा एकतिसावा हिस्सा, तोही निर्वेध, काय भारी जाणार?

"आजोबा, तुमचं घड्याळ सुरू झालंय," नात म्हणाली. या खेळात प्रत्येक फटक्याला मुदत असते आणि मुदतवाढीचा अर्ज कोणाकडे करावा याची तरतूद नसते.

माऊस हलविला की काठी पांढऱ्या चेंडूभोवती प्रदक्षिणा घालते. डावे बटण दाबून माऊस मागे ओढला की जोराची पट्टी भरत जाते. आणि बोट उचलताच फटका बसतो. सारी मेख या 'बोट उचलताच'मध्ये आहे. आमच्या खात्यात कोणताही हुकूम मसुदा, तपासणी, सही, शिक्का आणि जावक क्रमांक एवढ्या पायऱ्या चढल्याविना अमलात येत नसे. येथे बोट किंचित ढिले पडले की तत्क्षणी बजावणी होते, आणि पांढरा चेंडू, ज्याने पॉकेटात कदापि जाऊ नये तोच, सर्वांच्या आधी तेथे दाखल होतो. मग प्रतिपक्षाला तो चेंडू उचलून टेबलावर वाटेल तेथे ठेवण्याचा अखत्यार मिळतो. अतिक्रमणाला एवढा राजाश्रय मी अन्यत्र पाहिला नाही.

"तुमच्या वेळी हा खेळ नव्हता ना?" असे तिने सहानुभूतीने विचारले, तेव्हा मात्र मला राहवले नाही. मी तिला सांगितले की, 1875 साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते निराळे) बिलियर्ड्सच्या टेबलावर आणखी रंगीत चेंडू मांडून या खेळाचा पाया घातला, आणि पुढे उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम भिंतीवर लागले. की तेच जबलपूर 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होते, म्हणजे तो अंमल अवघी 58 वर्षे आणखी टिकता, तर या खेळाची सनद मोडीत लिहिली गेली असती, फाउलाला 'गुन्हेगारी' म्हटले असते आणि काळा चेंडू घालणाऱ्यास शालजोडी मिळाली असती. की पुण्यास जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यास बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले. की तात्पर्य, हा खेळ सर्वथैव आपलाच असून—

"आजोबा, तुम्ही सांगताय तो स्नूकर. हा पूल आहे. आणि तुमची पाळी गेली."

विद्वत्तेचा असा अपमान मी गिळला असता. न गिळवणारी गोष्ट निराळीच होती. मी रेषा बरोबर धरीत असे, आणि फटक्याच्या ऐन क्षणी ती केसभर ढळे. मी दोष माऊसला दिला, त्याखालच्या चटईला दिला, एकदा विजेच्या दाबालाही दिला. खरे कारण मला ठाऊक होते. भर उन्हात प्लेन टेबलावर पेन्सिलीची रेघ ओढताना ज्या हाताला श्वास रोखावा लागत नसे, त्यात दोन वर्षांपासून बारीक कंप शिरला आहे. चहाच्या बशीला तो कळतो, आणि घरातली माणसे न कळल्यासारखे करतात.

तथापि पुढल्या पंधरवड्यात आश्चर्य घडले. रेषा जागची हलेना. चेंडू पॉकेटात जाऊ लागले. तांबडा ठिपका खाली नेऊन पांढरा चेंडू माघारी आणण्याची विद्याही मला साधली, आणि जेवताना मी कोरिऑलिस या फ्रेंच गणितज्ञाच्या 1835 सालच्या बिलियर्ड्सवरील ग्रंथाचा उल्लेख अशा सुरात करू लागलो की, जणू तो त्याने माझा सल्ला घेऊन लिहिला होता.

एका रविवारी मुलगा त्या संगणकाशी बसला आणि वैतागून म्हणाला, "बाबा, या माऊसला झालंय काय? बाण मुंगीच्या पावलानं चाललाय." त्याने कोठेसे उघडून पाहिले, बाणाचा वेग कोणीतरी पार तळाला नेऊन ठेवला होता. त्याने तो पूर्ववत केला. मी नातीकडे पाहिले. ती भूगोलाच्या पुस्तकात अतिशय एकाग्र झाली होती.

रात्रीतून हद्दीचा दगड वीतभर सरकविणारे इसम मी नोकरीत पुष्कळ पाहिले, पकडले, त्यांच्या शिव्याही खाल्ल्या. पण माझ्या बाजूने दगड सरकविणारे माणूस मला प्रथमच भेटले. पंचनामा कोणासमोर करणार?

दुसऱ्या दिवशी सायंकाळी खेळायला बसताना मी म्हणालो, "तू मांड डाव, मी पाणी पिऊन येतो." पाणी पिण्यास मला एरवी मिनिटही लागत नाही, त्या दिवशी चार लागली, आणि परतताना मी दाराबाहेर चांगला मोठ्याने खाकरलो.

काळा चेंडू मी त्याही दिवशी पांढऱ्यासकट पॉकेटात घातला, म्हणजे डाव हरलो. पण रेषा शेवटपर्यंत जागची हलली नव्हती.