नववीतल्या मुलाला पुरस्कार देऊ नये, ही नम्र विनंती

माननीय निवड समिती सदस्य,


कुमारवयीन मुलांची कादंबरी मोठ्या साहित्य पुरस्काराच्या आसपास फिरकू द्यायची नाही, ही शिस्त आपण निष्ठेने पाळता. अभिनंदन! व्यवस्थाही चोख आहे. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला, २०११ पासून युवा पुरस्कार. पहिला मुलांच्या पुस्तकांसाठी. दुसऱ्यात वय मोजतात ते लेखकाचं, पस्तिशीपर्यंतचं. मधल्या मध्ये चौदा वर्षांचा वाचक उभाच. एसटीत बारा वर्षांनंतर त्याचं अर्धं तिकीट बंद होतं. साहित्यात त्याला अजून कंडक्टरच भेटलेला नाही.

मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ या कादंबरीचंच घ्या. मौज प्रकाशनाने २००४ साली काढलेली. नायक मुकुंद जोशी, इयत्ता नववी. काळ आणीबाणीचा. एवढा दणदणीत काळ हाताशी असताना जबाबदार लेखकाने मुकुंदच्या तोंडी लोकशाहीवर निदान दोन पानं तरी घातली असती. इथे देशात आणीबाणी, आणि पोराला घोर कसला, तर शिरोडकर आपल्याला ‘लाइन’ देते की नाही! (मुलीचं नाव घ्यायचं नाही, आडनावच घ्यायचं. सभ्यपणा म्हणून नव्हे, धीर होत नाही म्हणून.) आणीबाणी येते ती मोठ्यांच्या बोलण्यातून, अर्धवट ऐकलेली, त्याहून अर्धवट कळलेली. मुकुंदला जेवढं समजतं त्यापलीकडचं लेखक आपल्याला समजावून देत नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस शेकडो पानं स्वतःचं शहाणपण गिळून बसतो. हे फार अवघड काम आहे, असं काही जाणकार म्हणतात. आपण लक्ष देऊ नये. मेहनत दिसतच नसेल तर गुण द्यायचे कशाचे?

शिवाय मुलं मुलांसारखीच बोलतात, शब्दकोश उघडावा लागत नाही. त्यात लोक हे पुस्तक विकत घेऊन वाचतात. म्हणजे संपलंच.

सुजय डहाके यांनी त्यावर केलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, यात आपला काही दोष नाही. ती समिती वेगळी. ‘श्यामची आई’लाही राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं ते अत्र्यांच्या चित्रपटाला. मुलांनी मोठं व्हायचं ते पडद्यावर, हा शिरस्ता जुनाच आहे.

उद्या अशीच एखादी कादंबरी टेबलावर येईल. कदाचित या वेळी शिरोडकरच्या बाजूने लिहिलेली. घाबरू नये. ‘चांगली आहे, पण मुलांची आहे’ असा शेरा मारून ती बालविभागाकडे धाडावी. तिथले परीक्षक ‘यात प्रेमप्रकरण आहे’ म्हणून ती परत पाठवतील. तोवर मुदत संपलेली असेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक दहावी पास वाचक

ता. क. : सोबत पुस्तकाची प्रत जोडलेली नाही. बहुधा ती आपल्या घरी असेलच. समीक्षेच्या कपाटात शोधू नये. मुलांच्या उशीखाली बघावं.