काळी पाचचा मालकंस

दोन स्वर कानावर पडले की त्यांच्यातलं अंतर सांगायचं, एवढीच ही विद्या. गाण्याच्या क्लासमध्ये तिला स्वरज्ञान म्हणतात आणि पन्नाशीनंतर पेटीसमोर मांडी घालणाऱ्याला ती रडवते. हा गृहस्थ वरातीत बँडवाला बेसूर झाला की सगळ्यांच्या आधी नाक मुरडणारा. पण क्लासच्या ताईंनी दोन पट्ट्या दाबून "काका, हा कोणता?" असं विचारलं की तो आधी "पंचम" म्हणतो, मग ताईंच्या भुवया बघून "मध्यम" म्हणतो आणि शेवटी "पुन्हा वाजवता का जरा?"

पाश्चात्त्य विद्यार्थ्यांनी यावर तोड काढली आहे. ओळखीच्या चालीची सुरुवात खूण म्हणून लक्षात ठेवायची. 'जॉज' या 1975 च्या चित्रपटात शार्क येण्याआधी जॉन विल्यम्सच्या संगीतात दोन स्वर घुमतात, ते लगतच्या दोन पट्ट्यांचे. म्हणजे आपले सा आणि कोमल रे. शुद्ध गांधारासाठी आपल्याकडे राष्ट्रगीत आहेच. सा-रे-ग असं चढून ते गांधारावर ठाण मांडतं. पंचाईत एवढीच की सभ्य माणसाला गांधार ओळखायला दर वेळी उभं राहावं लागतं.

खरी फजिती तानपुऱ्यापाशी होते. पहिली तार पंचमाची, मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्जाची. काका पहिली तार ऐकतात, मग जोडी ऐकतात आणि छातीठोकपणे सांगतात, "सा-म!" क्लास हसतो. पण त्यांचा कान चुकलेला नसतो. ती तार मंद्र पंचमाची, आणि तिथून वरच्या सा पर्यंतचं अंतर सा-म इतकंच भरतं. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून ती तार मध्यमाला लावली की उलटं होतं: मंद्र मध्यम ते सा हे अंतर थेट सा-प एवढं. सा-प चं गुणोत्तर 3:2, सा-म चं 4:3; दोघांचा गुणाकार 2, म्हणजे पुरं सप्तक. एकाची जागा दुसरा घेणारच.

"काका, आधी सा पकडा," ताई सांगतात. सा ठरेपर्यंत कुठल्याच स्वराला नाव नसतं. एकच माणूस कुणाचा मामा असतो आणि कुणाचा जावई, तसंच हे.

अर्थात पेटीवर कान घडवावा का, हा वाद जुना आहे. पेटीचा पंचम नैसर्गिक पंचमाच्या अगदी जवळ असतो. गांधार मात्र चांगलाच चढा. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर हा गांधार 14 सेंटनी वर बसतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल अब्दुल करीम खाँसाहेबांना सोबत घेऊन श्रुती मोजत बसले. 1910 मध्ये त्यांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक निघालं. पुढे 1940 मध्ये रेडिओने पेटीला दाराबाहेर काढलं आणि तिला पुन्हा आत यायला तीसेक वर्षं लागली. एवढं करूनही गल्लोगल्लीच्या क्लासमध्ये राज्य पेटीचंच राहिलं.

आणि सा ची गंमत पेटीइतकी दुसरं कुणी दाखवत नाही. फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीन सा मानली तर भूप निघतो. त्याच पाच पट्ट्या, पण काळी पाच सा धरली की मालकंस. काळी एकपासून दुर्गा, काळी दोनपासून धानी, काळी चारपासून मध्यमाद सारंगाचे स्वर. आपल्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. चलन सांभाळल्याशिवाय राग उभा राहत नाही हे खरं, पण कानाला धक्का बसायला एवढं पुरतं. भुपात ठणठणीत वाजलेला गांधार मालकंसाचा सा होऊन बसतो आणि ज्याला आपण षड्ज म्हणून नमस्कार केला, तो कोमल धैवत म्हणून सामोरा येतो.

तुमच्या माळ्यावर आजोबांची पेटी असेल तर खाली काढा, भाता फाटलेला नाही ना ते बघा. मोबाइलवर काळी पाचचा तानपुरा लावा, मध्यमाचा, आणि काळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवा. मग तानपुरा काळी तीनवर आणा, या वेळी पंचमाचा, आणि तेच पुन्हा वाजवा. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा.