बारमाही मोह

कोकणात भाड्याने देण्यासाठी घर घेणारा मुंबईकर कागदपत्रांच्या बाबतीत कमालीचा संशयी असतो. वकिलाकडून तो ३० वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालकी हक्काच्या जुन्या नोंदींची तपासणी, करवून घेतो, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त कोणाचे नाव दडले आहे काय हे चष्मा पुसून पाहतो, आणि परसातल्या विहिरीपाशी पोचताच मात्र कठड्याला रेलून फोटो काढून घेतो. प्रस्तुत लेखकाची गणना याच वर्गात करावी लागते. एजंटाने ‘बारमाही पाणी आहे, साहेब’ एवढे म्हणताच या वर्गाची विवेकबुद्धी रजेवर जाते, कारण फ्लॅटमध्ये जन्म गेलेल्या माणसाला विहिरीची मालकी ही खोतकी मिळाल्यासारखी वाटते.

आयएस १०५०० या भारतीय पेयजल मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा आतड्यातील जिवाणू, एकही आढळता कामा नये. हा जिवाणू पाण्याला रंग, वास वा चव देत नाही. ‘आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते’ हा पुरावा त्यामुळे निरुपयोगी ठरतो; डाळीचा संबंध पाण्याच्या कठीणपणाशी, म्हणजे त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी असतो, आणि पाणी मृदू असेल तर मैलाटाकीला खेटलेल्या विहिरीवरही वरण उत्तम होते. त्यातच जांभा हा सच्छिद्र दगड असल्यामुळे पावसाळ्यात शोषखड्ड्यातले पाणी त्यातून विहिरीकडे सहज वाट काढते.

येथे टीसीएलचा, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या ब्लीचिंग पावडरीचा, विषय टाळता येत नाही, आणि खरे तर टाळण्याची इच्छाही नाही. विहिरीच्या व्यासाच्या वर्गाला पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ ने गुणले की घनमीटर मिळतात, आणि दर घनमीटरला, म्हणजे १००० लिटरला, ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर सुमारे २.५ ग्रॅम लागते. म्हणजे ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असल्यास सुमारे ७० ग्रॅम. शाळा सुटल्यावर वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा हा पहिलाच उपयोग असल्याने मालक हे गणित भाडेकरूलाही ऐकवतो, स्वतःच्या बुद्धीवर प्रसन्न होतो, आणि उघड्या डब्यातल्या पावडरीचा क्लोरीन केव्हाच उडून गेला आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. पावडर ताजी असली तरी शोषखड्डा जागच्या जागीच राहतो.

मालक स्वतः घर पाहायला येतो तेव्हा बाटलीतले पाणी पितो. विहिरीचे पाणी पिते ते भाडेकरूचे लहान मूल, आणि त्याला जुलाब झाले की ‘यांना पाणी सोसत नाही’ असे म्हणून मालक मोकळा होतो. या वाक्यात विनोद शोधूनही सापडत नाही. दरमहा भाडे घेणाऱ्याने पाण्याची जबाबदारी हवापालटावर ढकलणे हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

तेव्हा खरेदी करणाऱ्यांना विनंती एवढीच की, पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीतून, शक्यतो पावसाळ्यात, आणि खरेदीखताची नोंदणी होण्यापूर्वी प्रयोगशाळेत पाठवावा. नोंदणीनंतर पाठवल्यास जिवाणूही खरेदीदाराच्याच नावावर चढतात.