डावीकडच्या सीटवरून

मला गाडी चालवता येत नाही. गिअर कसा टाकावा, हे मात्र मला उत्तम कळतं. ही दोन वाक्यं लागोपाठ उच्चारली की आमच्या घरात खसखस पिकते. पण यात हसण्यासारखं काय आहे? सवाई गंधर्वच्या मंडपात तासन् तास बसणाऱ्या किती जणांना षड्ज लावता येतो? तरी निषाद जरा उतरलाच, हे ते बटाटेवडा खाता खाता सांगतात, आणि शेजारचा मान डोलावतो. मी त्याच घराण्यातला. माझी बैठक ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, एवढाच फरक.

माझी तालीम नानाकाकांच्या फियाटमध्ये झाली. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा, त्यामुळे पुढे सलग बाक आणि नाना-काकूंच्या मध्ये एका पोराची सोय. ते पोर मी. गिअर बदलताना नानांचं कोपर माझ्या कानाशी यायचं. त्या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. गाडी पुरती थांबायच्या आत पहिला टाकायला जावं, तर खालून असा करकराट उठे की काकू हात जोडत. नाना कधीच घाई करत नसत. सिग्नल सुटायचा, मागचे हॉर्न वाजवून दमायचे, मग आमचा पहिला पडायचा. आवाज नाही, झटका नाही. मागचे काय म्हणत ते आमच्यापर्यंत पोचत नसे, कारण फियाट स्वतःच बरीच बोलायची.

आता पुढे जायच्या सगळ्या गिअरांना सिंक्रोमेश असतो. 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅकने तो पहिल्यांदा बाजारात आणला. कारभार साधा आहे: वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकण्याआधी एक पितळी कडी घासून त्यांना एका गतीवर आणते. तिला एक क्षण लागतो. तो क्षण न देता दांडा कोंबणारी माणसं मी पाहिली आहेत. ती लिफ्टचं बटणही सारखं दाबत राहतात.

जुन्या एसटीच्या ड्रायव्हरला या पितळी मदतीचाही आधार नव्हता. त्याचं शास्त्र डबल क्लचचं. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक हुंकार, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. हे सगळं वरंध घाटाच्या वळणावर, कंडक्टरशी पगारवाढीबद्दल बोलत. इंजिनाचा सूर चढून नेमका कुठे पोचला की दांडा आत जाणार, हे त्याच्या पायाला ठाऊक असे. तो दांडा हाताएवढा लांब आणि सतत थरथरणारा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, यालाच ताप आलाय.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये यातलं काहीही शिकवत नाहीत. तिथले सर म्हणतात, ‘क्लच दाब, गिअर टाक, क्लच सोड.’ आज्ञा ठणठणीत आहेत, पण सगळी विद्या त्या शेवटच्या ‘सोड’मध्ये आहे आणि तिथेच सर खिडकीबाहेर बघतात. त्यात पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना अंतर सर्वांत मोठं. इंजिन 3000 फेऱ्यांवर असेल तर दुसऱ्यात त्याला साधारण निम्म्यावर यायचं असतं. तेवढं उतरू न देता क्लच सोडला की मागच्या सीटवरचे सगळे एकदम ‘हो’ म्हणतात.

आमच्या घरी गाडी बायको चालवते, आणि फार सुरेख चालवते. दांडा मुठीत आवळत नाही. तळहाताने नुसता सरळ पुढे ढकलते. मधल्या रांगेत तो स्प्रिंगने आपोआप येतो, त्यामुळे दुसऱ्यावरून तिसरा चुकत नाही. तिच्या कलेची पावती सासूबाई देतात. लेकीची गाडी चांदणी चौक ओलांडते तोवर त्या घोरू लागतात. जावईबापूंची, म्हणजे माझ्या साडूची गाडी असली, तर खिडकीवरचं हँडल धरून लोणावळ्यापर्यंत टक्क जाग्या.

खालच्या गिअरवर येताना मात्र बायकोच्या बाबतीतही माझं एक निरीक्षण होतं. ते मी रीतसर मांडलं. चाळीसच्या वेगाला तिसऱ्यात इंजिनाच्या 2000 फेऱ्या असतील, तर दुसऱ्यात 3000 लागणार; तेव्हा क्लच दाबलेला असतानाच अ‍ॅक्सिलरेटरला किंचित स्पर्श करावा.

‘‘ते मी लग्नाच्या आधीपासून करतेय,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्हाला आज कळलं. आणि आता गप्प बसता, की रिक्षा थांबवू?’’

रिक्षावाल्यांच्या गिअरबद्दलही मला बोलायचं होतं, पण ते राहिलं.

आमच्या भाच्याने मध्यंतरी एएमटी घेतली. आपल्याकडे ही 2014 पासून सुरू झाली. आत जुनाच गिअरबॉक्स, जुनाच क्लच. फक्त ते चालवायला यंत्र. आणि ते यंत्र हुबेहूब नव्या शिकाऊसारखा गिअर टाकत होतं. मी खुलून म्हणालो, ‘‘अरे, गिअर बदलणार असं वाटलं की अ‍ॅक्सिलरेटर जरासा सोड.’’ त्याने सोडला आणि गाडी लोण्यासारखी गेली. ‘‘मामा, तुम्ही ग्रेट!’’ तो म्हणाला. बायको मागे बसली होती. मी मागे वळून खात्री केली. तिने ऐकलं होतं.

यंदा त्याने ती विकून विजेवरची घेतली. त्यात गिअर बदलायचाच नसतो. पहिल्या फेरीला मोठ्या आदराने त्याने मला पुढे बसवलं. डेक्कनपर्यंत मी निमूट होतो. मग पुढे सिग्नल दिसला, त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला, गाडीने बॅटरी भरायला घेतली आणि आम्ही सगळे पुढे वाकलो.

‘‘बाळा,’’ मी सीटबेल्ट सारखा करत म्हणालो, ‘‘पाय उचलायचीही एक पद्धत असते.’’