चार महिन्यांचा माणूस

डोंगराला लागलेल्या आगीचा तो पळापळीचा खेळ लहानपणी आपण सगळेच खेळलोय. आरोळी झाली की जीव घेऊन पळायचं. आमच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात हा खेळ दरवर्षी १५ फेब्रुवारी ते १५ जून खराखुरा चालतो. फरक इतकाच की काही माणसं त्यात उलटी पळतात. आगीकडे. वनखातं त्यांना हंगामापुरतं रोजंदारीवर घेतं, फायर वॉचर म्हणतं आणि पाऊस पडला की घरी पाठवतं. आज मला त्यांच्या बाजूने भांडायचंय.

इंदूर-इच्छापूर रस्त्याने रात्री असीरगड ओलांडताना कधी डोंगरावर तांबडी माळ दिसते. बसमधली माणसं खिडकीतून फोन बाहेर काढतात. लांबून दिवाळीसारखंच दिसतं. त्या माळेत मध्येच काळा तुकडा दिसला तर ओळखावं, तिथे कुणीतरी हिरवी फांदी घेऊन उभा आहे आणि पुढची हातभर जागा विझवतोय.

मागच्या चैत्रात मी अशा एका टोळीबरोबर वर गेलो होतो. एक नाकेदार, म्हणजे वनरक्षक, आणि चार फायर वॉचर. त्यातला सगळ्यात वयस्क बारेला आदिवासी होता, पन्नाशीला आलेला. हा त्याचा तेरावा हंगाम. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा कामावर लागायचंय. वर सागाचं जंगल, मध्ये सलई, धावडा, अंजन. चैत्रात साग उघडाबोडका असतो आणि त्याची पापडासारखी वाळलेली पानं पोटरीपर्यंत साचलेली असतात. पाय टाकला की एवढा आवाज होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हेच आगीचं खाद्य.

आपल्याकडचा वणवा अमेरिकेतल्या चित्रफितींसारखा शेंड्यांवरून उड्या मारत नाही. तो जमिनीवरून सरपटतो, बहुतेकदा गुडघ्याएवढा. म्हणून शहरातल्या माणसाला वाटतं, एवढ्याशा आगीत काय आहे? मलाही वाटलं होतं. मी फांदी तोडली आणि ज्वारी झोडपावी तशी दणादण मारायला लागलो. ठिणग्या उडाल्या आणि माझ्याच पाठीमागच्या कोरड्या पाचोळ्यात पडल्या. म्हाताऱ्याने एक शब्द न बोलता त्या पायाने विझवल्या आणि मग करून दाखवलं. फांदी उचलून मारायची नाही. ज्वाळेवर दाबायची आणि जळून गेलेल्या बाजूला ओढायची. दाबायची, ओढायची. एका फांदीची पानं करपली की दुसरी. त्याच्या पायात प्लास्टिकचे बूट होते, एकाचा तळवा आधीच्या कुठल्यातरी आगीत वितळून एका कडेने वर वळला होता.

“भाऊ, वरच्या अंगाला थांबू नका,” एवढं मात्र तो दोनदा म्हणाला.

कारण आग चढाला धावते. ज्वाळा चढाकडे झुकलेली असते, वरचा पाचोळा आधीच भाजून निघतो. चढ दहा अंशांनी वाढला की वर जाणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जगभरातल्या आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. म्हाताऱ्याला अंश ठाऊक नव्हते. कुठे उभं राहायचं ते ठाऊक होतं. पुढे एका नाल्याच्या काठी त्यांनी चार हात रुंदीची पट्टी माती दिसेपर्यंत खरवडली आणि वाऱ्याची वाट पाहत बसले. पाव तास गेला. वारा पडला तशी पट्टीच्या कडेने आपलीच आग लावली, येणाऱ्या आगीच्या तोंडावर. दोन्ही आगी एकमेकींकडे ओढल्या गेल्या, भिडल्या आणि खायला काही उरलं नाही म्हणून बसल्या. ही उलटी आग पाव तास आधी लावली असती तर आमच्याच अंगावर आली असती. कधी लावायची हे तो कुणाच्या प्रशिक्षणात शिकलेला नाही, तेरा हंगामांत शिकलाय. आणि सरकारदरबारी तो अकुशल मजूर आहे. अकुशल! हा शब्द ज्याने त्याच्यापुढे लिहिला असेल त्याने एक रात्र त्या नाल्याकाठी काढावी.

उपग्रहाचं कौतुक मीही करतो. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण आगीच्या जागा मोबाईलवर कळवतं, ही मोठीच सोय आहे. पण ते यंत्र कसं चालतं तेही लोकांना कळू द्या. ज्याच्या नजरेवर मुख्य भिस्त आहे तो उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. त्याचा एक ठिपका ३७५ मीटर लांब, तेवढाच रुंद, म्हणजे १४ हेक्टरांचा, सुमारे ३५ एकरांचा. दुपारी तीनला लागलेली आग त्याला दिसेपर्यंत दहा तास उलटलेले असतात. आणि ठिपका आला तरी त्या ३५ एकरांत आग नेमकी कुठल्या घळीत आहे हे पायांनीच शोधायचं असतं. पायांची माणसं जूनमध्ये मोडीत काढायची आणि ठिपक्यांवर जंगल राखायचं म्हटलं, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायला वेळ लागत नाही.

वणव्याशी लढण्याची सरकारी परंपरा सुरू झाली तीही याच सातपुड्यात. १८६० च्या दशकात कर्नल पिअर्सनने बोरीच्या जंगलात दाखवून दिलं की वणवा रोखता येतो. पिअर्सनचं नाव वनविद्येच्या पुस्तकांत आहे. त्याच्या जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्या, ज्यांनी कापल्या ते त्या पुस्तकांत ‘मजूर’ आहेत. दीडशे वर्षं झाली. अजूनही मजूरच आहेत.

वणव्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, आदिवासीच जंगल जाळतात. मोहाची फुलं पहाटे गळतात, पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची जागा जाळून साफ करतात आणि कधी आग हातची सुटते, हे खरंच आहे. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. तीही खरी. पण त्या पालवीची बिडी वळून नफा कमावणारा आदिवासी पाड्यावर राहत नाही, त्याला कुणी आग लावणारा म्हणत नाही. आणि मोहाखालची आग सुटू नये म्हणून घरोघर कोण फिरतं? हाच फायर वॉचर. त्याची बायकोही मोह वेचते. कुठलं झाड कुणाचं, कोण पाचोळा झाडून घेतं, कोण आळस करून काडी लावतं, कुणाच्या घरी जाळी किंवा जुनं लुगडं अंथरायला आहे, हे त्याला तोंडपाठ. संध्याकाळी तो चार घरं फिरून बसतो, बिडी ओढतो (ती मात्र नीट विझवतो, मी पाहिलंय), विषय काढतो. त्या रात्री चार आगी लागत नाहीत. न लागलेल्या आगीची नोंद कुठल्याही रजिस्टरात नसते, म्हणून तिची मजुरीही नसते.

सगळ्याच आगी मोहाच्या नसतात. नेपानगरच्या बाजूला २०२२-२३ मध्ये झाडतोड आणि अतिक्रमण इतकं माजलं की जंगल वाचवा म्हणत गावोगावचे आदिवासीच बुऱ्हाणपूरच्या कलेक्टर कचेरीवर येऊन बसले. अशा भागात रात्री धूर दिसला तर समोर पाचोळा आहे की कुऱ्हाडी घेतलेली माणसं, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. आणि जवळ कोण जातो? फांदीवाला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. भारतीय वन अधिनियम, १९२७. कलम ७९. ज्याला जंगलात काही हक्क आहे, चराईचा, लाकूडफाट्याचा किंवा वनोपज नेण्याचा, त्याने वणवा दिसला की कुणी बोलवायची वाट न पाहता तो विझवायला धावलंच पाहिजे. नाही धावला तर महिन्यापर्यंत कैद, नाहीतर २०० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. शंभर वर्षं होत आली, कलम तसंच उभं आहे. धावून आलेला माणूस भाजला तर काय, याबद्दल त्या कलमात एक अक्षर नाही. कर्तव्य लिहिलं, हक्क लिहायचा राहिला.

आणि माणसं भाजतात. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया-भंडाऱ्याकडच्या नागझिऱ्यात आग आटोक्यात येत होती, तेवढ्यात वाऱ्याने उचल घेतली. तीन हंगामी मजूर होरपळून गेले. त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात कोट्टंबत्तूरला तिघे वन पहारेकरी गेले. १३ जून २०२४ ला अल्मोड्याच्या बिनसरमध्ये चार, त्यात फायर वॉचर होता आणि रोजंदारीचा माणूसही. दरवेळी दोन दिवस हळहळ होते, मदत जाहीर होते, चौकशी बसते. पुढच्या फेब्रुवारीला नवी टोळी, तीच फांदी, तेच प्लास्टिकचे बूट.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. ३० जून २०१३ ला अमेरिकेत ॲरिझोनातल्या यार्नेल हिल इथे प्रेस्कॉट शहराच्या एका नावाजलेल्या तुकडीचे १९ जवान एकाच आगीत गेले. एकोणीसही जण एकाच खोऱ्यात, एकमेकांशेजारी सापडले. त्यानंतर हिशेब निघाला: सहा कायम, तेरा हंगामी. कायम असलेल्यांच्या घरच्यांना जे आजन्म मिळणार होतं ते हंगामींच्या घरच्यांना नाकारलं गेलं. एका विधवेला तर नवरा कायम नोकरीतलाच होता हे सिद्ध करायला झगडावं लागलं. आगीने तिथे कुणाचं नियुक्तीपत्र पाहिलं नव्हतं. कचेरीने पाहिलं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात ही गत, तर आमच्या धूळकोट-खकनारच्या पाड्यावरच्या बाईने कुणाच्या दारात जायचं?

आम्हा लिहिणाऱ्यांवर तर या जंगलाचं जास्तच देणं आहे. देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना याच जिल्ह्यात, नेपानगरला. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. तिथे तो का उभारला? या डोंगरांत सलई आणि बांबू होता म्हणून. कितीतरी वर्षं या देशाची वर्तमानपत्रं सातपुड्याच्या सलईवर छापली गेली. त्या कागदावर मंत्र्यांची भाषणं आली, क्रिकेटचे धावफलक आले, वणव्याच्या चार ओळी आल्या. वणवा विझवणाऱ्याचं नाव क्वचितच आलं.

म्हणून मागणं एका वहीचं आहे. फायर वॉचरच्या नावाची वही: कुठल्या वर्षी, कुठल्या बीटमध्ये, किती दिवस, किती आगी. आज तेरा हंगाम काम केलेल्या माणसाकडे त्याचा एक कागद नाही. चौदाव्या हंगामाला तो पहिल्या दिवसाच्या पोरासारखा रांगेत उभा राहतो, आणि त्याच्याऐवजी दुसऱ्याच कुणाला घेतलं तर ज्याला नाल्याकाठची ती पाव तासाची थांब कळते तो माणूस केळीच्या बागेत घड वाहायला जातो. वही असली तर पुढचं सगळं मागता येतं. पहिला हक्क जुन्या माणसाचा म्हणता येतं. वनरक्षकाच्या भरतीत हे हंगाम मोजा म्हणता येतं. भाजला त्या दिवशी तो कामावर होता हे त्याच्या बायकोला शाबीत करत बसावं लागत नाही. विमा कुणाचा काढायचा ते कळतं. कातडी बूट किती मापाचे घ्यायचे तेही कळतं. आणि चार महिन्यांचं काम बारा महिन्यांचं करायला जंगलात कामाचा तुटवडा नाही: रोपं आहेत, पाणवठे आहेत, हिवाळ्यात जाळरेषा कापायच्या असतात. त्या वेळेवर आणि नीट कापल्या तर चैत्रात निम्मी धावपळ वाचते, हे मला म्हाताऱ्यानेच सांगितलं. ज्याला उन्हाळ्यात तिथे उभं राहायचंय तो हिवाळ्यात रेषा कापताना कुचराई करणार नाही.

नाल्याकाठच्या त्या रात्री आग पहाटे तीनला बसली. मी निघायला उठलो. म्हातारा नाही उठला. विझलेली आग बसलेलीच राहील याचा भरवसा नसतो, एखादा ओंडका आतून धुमसत राहतो, उजाडताना वारा सुटला की घरंगळत खाली जातो आणि खालचं कोरडं जंगल पेटवतो. त्यामुळे चौघे जळक्या पट्ट्यात पसरले. पालथा हात राखेजवळ धरून बघायचं, ऊब लागली की कुऱ्हाडीने ओंडका फोडायचा, आत माती भरायची. एका सलईच्या बुंध्याशी तो बराच वेळ बसला. माती घातली, हात धरला, पुन्हा माती घातली. ऊब जाईना. मग कमरेला बांधलेली, ओलं गोणपाट गुंडाळलेली बाटली काढली आणि उरलेलं पाणी त्या भेगेत ओतलं. चर्र झालं, वाफ आली.

पुन्हा हात धरून पाहिला आणि माझ्याकडे वळला.

“भाऊ, तुमच्याकडे आहे का पाणी?”

अर्धी बाटली होती. ती मी त्याला प्यायला दिली असं मला वाटलं. त्याने तीही त्याच भेगेत ओतली.